वाम : टोपलीतला मासा आणि खोल समुद्रातले तिचे भाऊबंद



आजचा पाठ परिसर अभ्यासातला आहे. पण तो पुस्तकातून सुरू झाला नाही, माझ्या एका चुकीतून सुरू झाला. म्हणून आधी चूक सांगते.

मी गासमध्ये चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमधली मुलं आहेत, नालासोपाऱ्याच्या चाळींतून येणारीही आहेत. मासळी मात्र सगळ्यांच्या ओळखीची. गेल्या वर्षी 'पाण्यात राहणारे प्राणी' शिकवताना मी फळ्यावर वाम काढली आणि खाली लिहिलं, 'वाम सापासारखी दिसते, पण ती मासा आहे. ती विषारी नसते.' मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मी लाल पेनने खूण केली आणि पुढच्या प्राण्याकडे वळले.

त्याच रविवारी वर्गातला एक मुलगा घरच्यांबरोबर कळंबच्या किनाऱ्यावर गेला. ओल्या वाळूत एक लांबडा, पट्ट्यापट्ट्यांचा प्राणी पडला होता. पोरगा त्याची शेपटी धरायला वाकला. आजीने ओरडून त्याचा दंड धरला आणि मागे ओढलं. सोमवारी तो मला तक्रारीच्या सुरात सांगतो, "बाई, ती वाम होती. आजीला माहीतच नाही. तुम्हीच सांगितलं ना, विषारी नसते?"

वडिलांनी मोबाईलवर काढलेला फोटो बघितला आणि माझे हातपाय गार पडले. अंगभर खवले, वल्ह्यासारखी चपटी शेपटी. तो समुद्रसाप होता. आपल्या किनाऱ्याला येणारे समुद्रसाप विषारी असतात.

फळ्यावरचं माझं वाक्य चुकीचं नव्हतं. पण मी मुलांना फक्त उत्तर दिलं होतं. वाम कशावरून ओळखायची, हे शिकवलंच नव्हतं. नुसतं नाव पाठ झालं की मूल ते नाव भलत्याच प्राण्याला लावतं. म्हणून हा पाठ मी पुन्हा घेतला. या वेळी नाव शेवटी आणि शरीर आधी. तो कसा घेतला ते खाली लिहिते आहे. आवडला तर तुमच्या वर्गात किंवा घरी नक्की करून बघा.

पहिली पायरी : टोपलीतली वाम

नालासोपाऱ्याच्या बाजारातून मी एक मध्यम आकाराची वाम आणली. कोळीण मावशींना सांगितलं, "कापू नका, शाळेत दाखवायची आहे." त्या हसल्या, पण तिचं तोंड उघडून दात दाखवत म्हणाल्या, "पोरांना हे पहिलं दाखव. ही जिवंत असली की आमची माणसंपण हात लांब ठेवतात."

हा माझा दुसरा धडा. 'विषारी नाही' आणि 'काही करत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलं त्या एकच समजतात. वामेला विष नसतं, पण तिचे दात अणकुचीदार असतात आणि चावा जबर असतो.

वर्गात वर्तमानपत्रावर वाम ठेवली. मुलांना म्हटलं, नाव कुणी घ्यायचं नाही. जे दिसतंय तेवढंच सांगायचं. दहा मिनिटांत फळ्यावर ही यादी झाली :

१. अंगावर खवले नाहीत. कातडी गुळगुळीत आणि बुळबुळीत आहे.
२. डोक्याच्या मागे दोन्ही बाजूंना फट आहे. (आत कल्ले असतात.)
३. त्या फटीच्या मागे दोन छोटे पर आहेत.
४. पाठीवरून एक लांब पर निघतो, शेपटीला वळसा घालतो आणि पोटाखालून पुढे येतो. मध्ये तुटत नाही.
५. तोंड लांब, दात पुढे आणि मधेही.

मग समुद्रसापाचं मोठं चित्र लावलं. त्यात खवले आहेत. कल्ल्यांची फट नाही. एकही पर नाही. साप फुप्फुसाने श्वास घेतो, म्हणून समुद्रात राहूनही त्याला हवेसाठी वर यावं लागतं. वाम कल्ल्यांनी पाण्यातला ऑक्सिजन घेते, तिला वर यायची गरज नाही.

एका मुलीने विचारलं, "मग शेपटी बघून ओळखलं तर?" छान प्रश्न. समुद्रसापाची शेपटी चपटी असते हे खरं, पण वामेच्या जातीतल्या माशांचीही शेपटीकडची बाजू चपटी होत जाते. काही माशांच्या अंगावर सापासारखे पट्टेही असतात. त्यामुळे नुसती शेपटी किंवा नुसते पट्टे बघून ठरवू नका. आणि ही सगळी ओळख बाजारातल्या मेलेल्या माशावर करायची, किनाऱ्यावरच्या प्राण्यावर नाही.

पालकांसाठी इथे थोडं थांबते. समुद्रसापाचा चावा पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही. म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तसं करू नका. घट्ट बांधणं, कापणं, चोखणं हे काहीही न करता, त्या माणसाला जास्त चालू न देता सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. आणि मुलांना एकच नियम द्या, वाळूवर पडलेला लांबडा प्राणी मेलेला वाटला तरी हात लावायचा नाही.

दुसरी पायरी : असं शरीर कशासाठी?

आता मुलांना विचारा, मासा म्हटलं की आपण पापलेट काढतो. मग हा मासा दोरीसारखा का?

उत्तर तिच्या घरात आहे. आपल्याकडची वाम उथळ समुद्रात, खाडीच्या तोंडाशी, मऊ चिखलाच्या तळावर राहते. वसईपासून डहाणूपर्यंतचा आपला किनारा म्हणजे अशा चिखलाचं माहेरच. चिखलात, खड्ड्यात, फटीत घुसायला गोल-चपटं पापलेट चालणार नाही, तिथे लांबट आणि बुळबुळीतच अंग हवं. पोटाखालचे जोडीचे पर अडकले असते, ते वामेला नाहीतच. रात्री ती बाहेर पडते आणि छोटे मासे, कोळंबी पकडते. निसटत्या शिकारीला धरायला ते दात. मोठी वाम दोन मीटरच्या वर वाढते, म्हणजे वर्गाच्या दाराएवढी.

एवढं वळायला कणाही तसाच लागतो. माणसाच्या पाठीच्या कण्यात ३३ मणके मोजतात. वामेसारख्या माशांत ते शंभराच्या वर असतात. मुलांना दोन माळा करायला द्या, एक १० मोठ्या मण्यांची आणि एक ५० बारीक मण्यांची. कोणती जास्त वळते ते हाताला कळतं, सांगावं लागत नाही.

वाम पोटात हवेचा एक फुगा बाळगते. आपल्याकडे त्याला भोत किंवा बोत म्हणतात. तो वाळवून विकला जातो आणि त्याला चांगला भाव येतो, हे मच्छीमार घरातल्या मुलांना माहीत असतं. या फुग्यामुळे माशाला पाण्यात तरंगत राहायला कमी कष्ट पडतात. हा फुगा लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत लागणार आहे.

तिसरी पायरी : खोल म्हणजे किती खोल?

"बाई, समुद्र किती खोल असतो?" हा प्रश्न येणारच. आपण सहज म्हणतो, "खूप खोल." पण आपल्यासमोरचा समुद्र तसा खोल नाही. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राचा तळ एकदम खाली जात नाही, तो सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत हळूहळू उतरत जातो. 'बॉम्बे हाय'चं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, तरी तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपासच आहे. आपली वाम याच उताराच्या उथळ भागातली.

उतार संपला की मात्र कडा सुरू होतो. पाणी २०० मीटर, ५००, १०००, आणि पुढे तीन-चार किलोमीटर खोल होत जातं. आमच्या मुलांना सात मजली इमारत माहीत आहे. ती साधारण २१ मीटर धरा. अशा २४ इमारती एकावर एक उभ्या केल्या तर ५०० मीटर होतात. १६४६ मीटरचं कळसूबाई शिखर दोनदा रचलं तरी अरबी समुद्राच्या सर्वांत खोल भागात ते पाण्याखालीच राहील.

तिथलं घर कसं आहे?

उजेड : २०० मीटरच्या खाली वनस्पतींना अन्न तयार करण्याइतका सूर्यप्रकाश पोचत नाही. १००० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश नाहीच.

थंडी : वर पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. हजार मीटरवर ते १० अंशांच्या खाली येतं. म्हणजे उष्ण कटिबंधातला समुद्र वरून उबदार असला तरी तळाशी गारच.

दाब : दर १० मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाएवढा वाढतो. ५०० मीटरवर तो आपल्या अंगावरच्या दाबाच्या सुमारे ५१ पट.

ऑक्सिजन : अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर पाण्याचा एक जाड थर आहे, त्यात ऑक्सिजन फारच कमी आहे. जगातल्या अशा मोठ्या थरांपैकी तो एक.

दाब समजवायला प्लास्टिकची बाटली घ्या. तिला एकाखाली एक तीन भोकं पाडा, चिकटपट्टी लावा, पाणी भरा आणि पट्टी एकदम ओढा. सर्वांत खालची धार सर्वांत जोरात येते. आता भोताची आठवण करून द्या. खोल पाण्यात दाबामुळे आकसलेली हवा माशाला झटकन वर ओढल्यावर फुगते. म्हणून असा फुगा असलेले मासे वर येईपर्यंत कधी कधी त्यांचं पोट तोंडातून बाहेर ढकललं जातं. मोबाईलवर मुलं 'समुद्रातले भयानक मासे' म्हणून जे फोटो बघतात, त्यांतले बरेच असे घरातून ओढून काढलेले, फुटलेले, सुकलेले मासे असतात.

चौथी पायरी : वामेचे खोलातले भाऊबंद

वामेच्या गटात जगभरात हजाराच्या आसपास जाती आहेत. काही नदीत राहतात, काही प्रवाळात, आणि पुष्कळशा खोल समुद्रात.

१८८८ साली आल्फ्रेड अल्कॉक नावाचे डॉक्टर 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर रुजू झाले. काम दवाखान्याचं आणि प्राण्यांच्या अभ्यासाचंही. बंगालचा उपसागर, अंदमानचा समुद्र, अरबी समुद्र इथल्या तळावरून जाळ्यात येणारे मासे ते बघत, मोजत आणि नोंदवून ठेवत. १८८९ साली त्यांनी अशाच एका लांबट माशाला नाव दिलं, गॅव्हियालिसेप्स टीनिओला. पहिल्या शब्दाचा अर्थ घडियाल मगरीसारख्या डोक्याचा, दुसऱ्याचा छोटी फीत. घडियालसारखं लांब निमुळतं तोंड आणि फितीसारखं अंग. नावातच चित्र आहे!

मासे वर्गीकरणाच्या याद्यांमध्ये हा मासा वामेच्याच कुळात ठेवलेला असतो. म्हणजे आपल्या टोपलीतल्या वामेचा हा खोल पाण्यातला चुलत भाऊ. एक चिखलात, खाडीच्या तोंडाशी. दुसरा शेकडो मीटर खाली, गार काळोखात. अंगाची घडण तीच, घर वेगळं.

आणखी दोन भाऊबंद मुलांना फार आवडले. एक चोचीची वाम. (हे नाव आमच्या वर्गाने ठेवलं. शास्त्रीय नाव नेमिक्थिस.) ती दोऱ्यासारखी बारीक असते, तिच्या कण्यात ७५० पर्यंत मणके सापडतात आणि तिची चोच टोकाशी मिटतच नाही, दोन्ही टोकं बाहेर वळलेली. दुसरा यूरिफॅरिंक्स, ज्याचं तोंड बाकीच्या अंगाच्या मानाने प्रचंड असतं आणि शेपटीच्या टोकाशी प्रकाश देणारा अवयव असतो. त्याला बघून मुलं म्हणाली, "हा माणूस गिळेल!" नाही गिळणार. त्याची लांबी साधारण पाऊण मीटर, आणि पोटात सापडतात ते मुख्यतः कोळंबीसारखे छोटे जीव. एवढं तोंड कशाला? जिथे जेवण क्वचित समोर येतं, तिथे आलेलं सोडून चालत नाही.

पाचवी पायरी : काळोखात डोळे कशाला?

हा प्रश्न त्याच मुलाने विचारला, कळंबच्या मुलाने. "बाई, तिथे काळोख आहे ना? मग चोचीच्या वामेला एवढे मोठे डोळे कशाला?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याऐवजी दुसरी गोष्ट सांगितली. आपल्याच पश्चिम रेल्वेवर, जोगेश्वरीला, अंध मुलांच्या शाळेच्या आवारातल्या विहिरीत एक लांबट लालसर मासा सापडला. त्याला डोळे नाहीत. २०२१ साली त्याचं नाव जगाला कळलं, रक्तमिक्थिस मुंबा. मुंबा म्हणजे आपली मुंबाआई. हा दिसतो वामेसारखा, पण वामेच्या गटातला नाही, दुसऱ्याच गटातला आहे. जमिनीखालच्या पाण्यात राहून त्याचंही अंग दोरीसारखं झालं आहे.

आता मुलांना विचारा, दोघंही काळोखात. मग एकाला मोठे डोळे, एकाला डोळेच नाहीत, असं का?

उत्तर मुलांनी चर्चा करून काढलं, मी फक्त एक धागा दिला : "यूरिफॅरिंक्सच्या शेपटीत काय होतं?" दिवा! खोल समुद्रात सूर्याचा उजेड नाही, पण तिथले कितीतरी प्राणी स्वतःचा उजेड पाडतात. तो बघायला डोळे उपयोगी पडतात. विहिरीच्या तळातल्या खडकात उजेड पाडणारं कुणीच नाही, तिथे डोळे असून नसून सारखेच. म्हणजे 'काळोख म्हणून डोळे नाहीत' हे वाक्यही माझ्या फळ्यावरच्या वाक्यासारखंच अर्धं. काळोख कसला, हे विचारायला हवं.

आमच्या गावातल्या मुलांसाठी ही गोष्ट आणखी जवळची आहे. वाड्यांमधली बावखलं आणि विहिरी ही त्यांच्या रोजच्या बघण्यातली. बावखल बुजवलं की पाणी जातं, एवढं त्यांना घरी ऐकायला मिळतं. त्या पाण्यात कोण राहत असेल, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा वर्गात आला.

सहावी पायरी : पानासारखं पिल्लू

शेवटी एक गंमत. वामेचं पिल्लू कसं दिसतं, ते मुलांना आधी काढायला सांगा. सगळी छोटी वाम काढतात.

खरं पिल्लू विलोच्या पानासारखं, आपल्या भाषेत सांगायचं तर आसोपालवाच्या कोवळ्या पानासारखं असतं. चपटं आणि काचेसारखं पारदर्शक, आरपार दिसणारं. वामेचा सगळा गट, उथळ पाण्यातला असो की खोल पाण्यातला, बालपणी असाच असतो. हे पिल्लू मोकळ्या समुद्रात वाहत राहतं आणि मग रूप बदलताना चक्क लांबीला कमी होतं.

ॲरिस्टॉटलसारख्या विद्वानालाही वाटलं होतं की असे मासे चिखलातून आपोआप तयार होतात, कारण अंडी कुणी बघितलीच नव्हती. पानासारख्या पिल्लांना शास्त्रज्ञ बराच काळ वेगळीच जात समजत होते. १८९६ साली ग्रास्सी आणि कालांद्रुचिओ या दोन इटालियन अभ्यासकांनी अशी पिल्लं टाकीत पाळली आणि त्यांचं रूप बदलताना बघितलं, तेव्हा उलगडा झाला. मुलांना हे आवर्जून सांगा. मोठी माणसंही नाव चुकीच्या प्राण्याला लावतात, आणि बघत राहिलं की ती चूक सुधारते.

वर्गासाठी प्रश्न

१. वाम मासा आहे हे ठरवणाऱ्या तीन खुणा सांगा.
२. समुद्रसापाला हवेसाठी वर का यावं लागतं?
३. पापलेट चिखलाच्या बिळात राहू शकेल का? का?
४. २०० मीटर खोलीच्या खाली समुद्री वनस्पती का वाढत नाहीत?
५. विहिरीतला काळोख आणि खोल समुद्रातला काळोख यांत काय फरक आहे?
६. घरच्यांना विचारून या : आपल्या विहिरीत किंवा बावखलात कोणते प्राणी दिसतात?

सहावा प्रश्न घरी द्या. आमच्याकडे त्याची उत्तरं आजी-आजोबांकडून आली, आणि ती पुस्तकात नसलेली होती.

पाठ संपल्यावर जुन्या वाक्याखाली मुलांनी स्वतः नवीन वाक्य लिहिलं : 'लांब उभं राहून बघायचं, हात लावायचा नाही, मोठ्यांना बोलवायचं.' त्या मुलाने विचारलं, "बाई, आजीला सांगू का, तिचंच बरोबर होतं?" मी म्हटलं, "थांब, मीच येते सांगायला."

शनिवारी गेले. आजी वाडीत पाटाला पाणी सोडत होत्या. मी माझी चूक सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, ओले हात पदराला पुसले आणि विचारलं, "ते ठीक आहे बाई. पण शाळेत आणलेली वाम शेवटी खाल्ली कोणी?"

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा.